फिट थांबल्या, पण घरातला माणूस बदलला

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या एका औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्या ताईंनी लिहिलं आहे. (ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.) त्यांचे पती कारखान्यात लेथवर काम करायचे. काही वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागला आणि पुढे काही महिन्यांनी फिट येऊ लागल्या. आधी फेनिटॉइन सुरू होतं. त्यानं फिट कमी झाल्या पण थांबल्या नाहीत, शिवाय हिरड्या सुजल्या आणि चालताना तोल जाऊ लागला. मग डॉक्टरांनी ते हळूहळू बंद करून लेव्हेटिरासेटम दिलं आणि मात्रा वाढवत सकाळ-संध्याकाळ १००० मिलिग्रॅमवर नेली. गेले आठ महिने एकही फिट नाही. पण याच काळात शांत माणूस भडक झाला. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं, गृहपाठ चुकला म्हणून मुलाची वही फाडली, एकदा त्याच्यावर हात उगारला. सासूबाई म्हणतात, "फिट येत नाही ना, मग चार शब्द ऐकून घे." डॉक्टरांकडे पती एकटेच जातात आणि "सगळं ठीक" सांगून येतात. ताई विचारतात, "काही रात्री मी त्यांना न सांगता अर्धीच गोळी दिली. तेव्हा ते जरा निवळल्यासारखे वाटले. असंच चालू ठेवू का? की फिट परत येण्यापेक्षा राग सोसलेला बरा?"

ताई,

आज रात्रीपासून गोळी पूर्ण द्या. बाकीचं सगळं त्यानंतर. आणि उद्या सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून सांगा की काही रात्री मात्रा अर्धी गेली होती. ओरडा बसेल म्हणून लपवू नका.

मी तुम्हाला दोष देत नाही. मी डॉक्टर नाही, अपस्माराच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून काम करते. गुपचूप गोळी कमी करणारी घरं मी बरीच पाहिली आहेत. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कारण तेच असतं: त्रास होतो आहे, पण तो बोलून दाखवायला जागा नाही. तुम्ही नवऱ्याला सांगू शकत नाही, सासूबाई ऐकून घेत नाहीत आणि डॉक्टरांच्या खोलीत तुम्ही नसताच. मग हातात उरते ती फक्त गोळी.

तरीही हे थांबवायला हवं, आणि का ते नीट समजून घ्या. लेव्हेटिरासेटमचं रक्तातलं प्रमाण मोठ्या माणसात साधारण ६ ते ८ तासांत निम्म्यावर येतं. म्हणून तर ते दिवसातून दोनदा द्यावं लागतं. रात्रीची मात्रा अर्धी झाली की पहाटेच्या वेळी, घर झोपेत असताना, औषध सगळ्यात कमी उरतं. अचानक मात्रा घटली तर एकामागून एक फिट येऊन रुग्ण शुद्धीवरच येत नाही असंही होऊ शकतं, आणि ती जिवावरची वेळ असते. दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. समजा उद्या फिट आलीच. डॉक्टरांच्या कागदावर २००० मिलिग्रॅम लिहिलेले आहेत. त्यांना वाटेल, एवढ्या मात्रेवरही फिट येते आहे. ते मात्रा वाढवतील, नाहीतर जोडीला आणखी एक गोळी देतील. म्हणजे ज्या औषधाच्या त्रासातून सुटायचं आहे तेच वाढेल, आणि का वाढलं हे घरात फक्त तुम्हाला माहीत असेल.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. फिट की राग, असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवले आहेत. सासूबाईंचंही तेच म्हणणं आहे, फक्त त्यांनी तुमच्या वतीनं निवड करून टाकली आहे. पण रस्ते दोनच आहेत हे कोणी ठरवलं? अपस्मारावर आज वीसहून जास्त औषधं आहेत. फिट थांबवणं हे योग्य औषधाचं पहिलं काम, पण एकमेव नाही. ते घेऊन माणसाला काम करता आलं पाहिजे, झोप लागली पाहिजे, घरात माणसासारखं राहता आलं पाहिजे. फेनिटॉइननं हिरड्या सुजल्या तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं, कारण ते डोळ्यांना दिसत होतं. राग दिसत नाही, आणि दवाखान्यात तर तो अजिबातच येत नाही. म्हणून त्याची नोंदच झालेली नाही. हिरड्यांची तक्रार करताना कोणी म्हणालं नव्हतं की "फिट कमी झाल्या ना, मग सोसा." रागाचीही तक्रार तितकीच वैद्यकीय आहे.

लेव्हेटिरासेटम डॉक्टरांना का आवडतं हेही सांगते, म्हणजे त्यांच्यावर राग राहणार नाही. ते फिटच्या बऱ्याच प्रकारांवर चालतं, लवकर सुरू करता येतं, मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि इतर औषधांशी फारसं भांडत नाही. पण त्याची कुप्रसिद्ध बाजू म्हणजे चिडचिड, भडकपणा, उदासी. अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात आकडे दिलेले आहेत: औषध घेणाऱ्या प्रौढांपैकी १३ टक्क्यांना वागण्यातल्या अशा तक्रारी झाल्या, आणि चाचणीत औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना. दोन्ही आकडे लक्षात ठेवा. पहिला सांगतो की तुम्हाला जे दिसतं आहे तो तुमच्या मनाचा खेळ नाही आणि "बायको डोकं उठवते" हे त्याचं कारण नाही. दुसरा सांगतो की प्रत्येक राग गोळीचाच असतो असंही नाही.

म्हणून घाईनं निकाल लावू नका. डोक्याला लागलेल्या मारामुळे, विशेषतः मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली असेल तर, स्वभाव तापट होऊ शकतो. पण तसा बदल बहुतेकदा अपघातानंतरच्या काळातच दिसू लागतो. तुमच्या पत्रात तो या गोळीबरोबर आला आहे. ते आता लेथवर नाहीत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. हाताला कसब असलेल्या माणसाला मशीनवरून उठवून दुसरीकडे बसवलं की काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. ओव्हरटाइम जातो, चारचौघांतला मान जातो. मोटरसायकल बंद होते, आणि ती व्हायलाच हवी. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये अपस्माराबद्दल थेट प्रश्न विचारलेला आहे. मग माणूस स्वतःच्याच घरात दुसऱ्यांवर अवलंबून होतो. अपस्मार असलेल्यांमध्ये नैराश्य बरंच आढळतं, आणि पुरुषांमध्ये ते रडण्यापेक्षा रागातून बाहेर पडतं. झोप कशी आहे? दारू? अजून रात्रपाळी करावी लागते का? ही उत्तरं मला माहीत नाहीत, तुम्हाला आहेत.

एक काम करा. एका वहीत तारखा लिहा. ५०० ची गोळी कधी सुरू झाली, १००० कधी झाली, ताट भिरकावलं ते केव्हा, वही फाडली ते केव्हा. जुनी चिठ्ठ्या-बिलं काढा, त्यांवर तारखा असतात. मात्रा वाढल्यानंतरच्या दिवसांत राग चढलेला दिसला तर तो धागा फार मोलाचा आहे. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत पारा चढतो का, हेही बघा. अर्ध्या मात्रेच्या रात्रींनंतर ते निवळले, हे तुमचं निरीक्षणही लिहा. तो योगायोग असेल किंवा नसेल, ते डॉक्टर ठरवतील. फक्त आता तो प्रयोग पुन्हा करायचा नाही.

यानंतरचं पाऊल अवघड आहे. अर्ध्या मात्रेचा फोन तातडीचा, तो थांबवायचा नाही; पण बाकीचं सगळं आधी त्यांच्याशी बोला. डॉक्टरांकडे त्यांच्या पाठीमागे जाऊ नका. औषध त्यांच्या शरीरात जातं आणि फिट आली तर पडणार तेच आहेत, म्हणून निर्णयही मुळात त्यांचा. भांडण झालेल्या दिवशी हा विषय काढू नका. सुट्टीच्या दिवशी, पोटात अन्न असताना, मुलगा खेळायला गेलेला असताना बसा. "तुम्ही फार चिडता" असं सुरू केलंत तर ते कान बंद करतील. त्याऐवजी विचारा, "ही गोळी वाढल्यापासून तुम्हाला आतून काही वेगळं वाटतं का?" माझा अनुभव असा की हा प्रश्न विचारला की पुष्कळ जण मोकळे होतात, कारण त्यांनाही आपला राग परका वाटत असतो. हात उगारल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटलेली असते आणि ते कोणाला बोललेले नसतात. आणि हो, अर्ध्या गोळीचंही याच वेळी सांगा. ते चिडतील. पण ही गोष्ट नंतर कळली तर उद्या तुमच्या हातची गोळी ते विश्वासानं घेणार नाहीत, आणि अपस्मारात ते परवडणारं नाही.

मग दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. पुढची तारीख दोन महिन्यांनी असेल तर थांबू नका, कारण सांगून अलीकडची मागून घ्या. ओपीडीत बोलायला पाच मिनिटं मिळतात आणि त्यातली तीन रिपोर्ट चाळण्यात जातात. म्हणून वहीतलं अर्ध्या पानात उतरवून काढा आणि तो कागदच समोर ठेवा. वर मोठ्या अक्षरात लिहा: "फिट आठ महिने बंद. गोळी वाढल्यापासून खूप राग. मुलावर हात उगारला." शेवटचं वाक्य लिहायला लाज वाटेल. तेच वाक्य वाचून डॉक्टर पेन खाली ठेवतील.

डॉक्टरांसमोर पर्याय काय असतील ते सांगते, म्हणजे ते बोलतील ते कानांना नवीन वाटणार नाही. काही जणांची चिडचिड पहिल्या काही आठवड्यांत आपोआप ओसरते, पण आठ महिन्यांनंतर त्या आशेवर बसण्यात अर्थ नाही. मात्रा थोडी उतरवून पाहता येते. तुम्ही करत होतात तेच, पण सकाळ-रात्र तोल राखून, पायरीपायरीनं आणि लक्ष ठेवून. ब्रिव्हारासेटम नावाचं औषध याच कुळातलं आहे, मेंदूतल्या त्याच प्रथिनावर काम करतं. लेव्हेटिरासेटमनं चिडचिड झालेल्या बऱ्याच जणांना त्यावर आल्यावर आराम पडल्याचं अभ्यासांत दिसलं आहे, सगळ्यांना नाही. डोक्याच्या मारानंतरच्या फिट मेंदूच्या एका जागेतून सुरू होतात, त्यामुळे ऑक्सकार्बाझेपिन, लॅकोसामाइड, लॅमोट्रिजिन यांचाही विचार होऊ शकतो. प्रत्येकाची आपली अट आहे. ऑक्सकार्बाझेपिननं रक्तातलं सोडियम उतरू शकतं. लॅकोसामाइडआधी ईसीजी पाहतात. लॅमोट्रिजिन मनाला बरं मानवतं, पण ते अगदी सावकाश, कित्येक आठवडे घेऊन वाढवावं लागतं, कारण घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. ब जीवनसत्त्वाच्या, म्हणजे बी-६ च्या गोळीनं राग कमी होतो असं तुम्हाला मोबाइलवर कोणीतरी पाठवेल. त्याचा पुरावा तोकडा आहे आणि जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्यानंच नसांना इजा होते. विचारल्याशिवाय आणू नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी इथेच थांबून दोन गोष्टी सांगते. एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला उसनी देऊ नका. वयात येताना सुरू होणाऱ्या आणि सकाळी उठल्यावर हातांना झटके देणाऱ्या अपस्मारात कार्बामाझेपिनसारखं चांगलं औषधही त्रास वाढवू शकतं. आणि ज्या मुलींना सोडियम व्हॅल्प्रोएट चालू आहे, त्यांनी लग्न ठरायची वाट न पाहता आजच डॉक्टरांशी बोलावं. गरोदरपणात ते चालू राहिलं तर सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० टक्के मुलांत पुढे वाढीच्या व शिकण्याच्या अडचणी आढळल्या आहेत. मात्र तेही औषध मनानं बंद करायचं नाही.

ताई, "आता पुन्हा बदलायचं म्हणजे तिसरं औषध, म्हणजे केस हाताबाहेर गेली" असं घरात कोणी म्हणेल. तसं नाही. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका नावाजलेल्या अभ्यासात, आधी कधीच औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्क्यांच्या फिट पहिल्याच औषधावर थांबल्या, आणि आणखी १४ टक्क्यांच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधावर. म्हणजे पहिलं औषध न लागणं ही निम्म्या घरांतली गोष्ट आहे. दोन योग्य औषधं योग्य मात्रेत देऊनही फिट थांबल्या नाहीत तरच त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात. तेव्हा मात्र तिसरी-चौथी गोळी जोडत बसण्यापेक्षा तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था किंवा बंगळुरूची निम्हान्स यांसारख्या मोठ्या केंद्रात शस्त्रक्रियेच्या दृष्टीनं तपासणी करून घ्यावी. तुमच्या यजमानांच्या फिट थांबलेल्या आहेत. त्रासामुळे औषध बदलणं याला औषध हरलं असं म्हणत नाहीत.

बदलात धोका नाही असं मी म्हणणार नाही. जुनं औषध उतरताना आणि नवं चढताना फिट येऊ शकते. त्या आठवड्यांत रात्रपाळी नको, जागरण नको, गच्चीवर किंवा शिडीवर चढणं नको, विहिरीत पोहणं नको. अंघोळीला जाताना आतून कडी लावू द्यायची नाही. ताप-जुलाब झाले तर जवळच्या डॉक्टरांना आधी अपस्माराचं सांगा, कारण जुलाबावर सर्रास दिली जाणारी ऑफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं आणि दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल फिटला आमंत्रण देऊ शकतात. फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको, कांदा-चप्पल हुंगवणं नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ रुग्णालय. डॉक्टरांना विचारून फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरात ठेवता येतो.

"साइड इफेक्ट नसलेली" पुडी कोणी सुचवली तर घेऊ नका. फिटवरच्या अशा पुड्यांमध्ये फिनोबार्बिटोनसारखी फिटवरचीच औषधं गुपचूप मिसळलेली सापडली आहेत. तेच रसायन, पण मात्रा कोणालाच ठाऊक नाही.

आता मुलावर हात उगारल्याबद्दल. राग औषधाचा असेल तरी तुम्ही आणि मुलानं मार खाणं हा त्या उपचाराचा भाग नाही. औषध बदलायला आठवडे लागतील. तोवरची सोय आजच ठरवा. आवाज चढला की मुलाला घेऊन कोणत्या शेजाऱ्यांकडे जायचं, हे त्या घरी आधी सांगून ठेवा. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या हाताशी ठेवू नका. हात खरंच पडला तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ क्रमांक लावायला "आजारी माणूस आहे" म्हणून कचरू नका. ते स्वतः "जगण्यात राम नाही" असं काही बोलले, किंवा फार गप्प झाले, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ मध्येच अपस्माराच्या औषधांसोबत आत्महत्येचे विचार येऊ शकतात असा इशारा दिला आहे. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी मुलाला जमिनीवर पडून थरथरताना पाहिलं आहे, त्या त्या भीतीतून बोलतात. शक्य झालं तर डॉक्टरांकडे त्यांनाही न्या. "हा राग गोळीचा असू शकतो" हे तुमच्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटेल.

मुलाशी मात्र तुम्हीच बोला, आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी. लहान मुलं असा राग स्वतःच्या चुकीशी जोडून टाकतात. त्याला सांगा की वही फाटली ती गृहपाठ चुकला म्हणून नाही. बाबांच्या औषधाचा त्यांना त्रास होत असावा, आपण ते डॉक्टरांना सांगणार आहोत, आणि बाबा ओरडले तर शेजारी जायचं, त्यात बाबांशी काही वाईट वागणं नाही. यजमान तयार असतील तर फाटलेल्या वहीबद्दल त्यांनी स्वतः त्याला "माझं चुकलं" म्हणावं. औषध बदलेपर्यंत त्यासाठी थांबायचं कारण नाही.